पुस्तकाची पत्रिका जुळत नाही

भात झोडून झालं की पेंढा कुठे ठेवायचा हा प्रश्न असतो. माळ्यावर चढवला तरी खाली गळतो, गोठ्यात ठेवला तरी पायात येतो, आणि चार दिवसांनी अंथरुणातसुद्धा एखादी काडी टोचते. आमच्या आई-गटाच्या गोष्टींचं तसंच झालंय. भाकरी थापताना एखादी आठवते, मी एकटीच हसते, आणि श्रावणीचे पप्पा विचारतात, "काय झाला?" आता एका शब्दात काय सांगणार? म्हणून म्हटलं, लिहूनच काढू.

आई-गट म्हणजे काय ते आधी सांगते. आमचं गाव खर्डी स्टेशनवरून रिक्षाने आत. शाळा जिल्हा परिषदेची. पुण्याची एक संस्था लहान मुलांना इंग्रजी शिकवायची पुस्तकं, चित्रं आणि छोट्या परीक्षा तयार करते. छापायच्या आधी ते सगळं गावात चालवून बघतात, मुलांना जमतं का, घरी वापरता येतं का. ते तपासणार कोण? तर आम्ही आया! शनिवारी शाळा सुटली की संस्थेच्या मेधाताई एक निळी पेटी घेऊन यायच्या, आणि आम्ही शाळेच्या ओट्यावर बसून सांगायचं, हे चालेल, हे नाही चालणार.

माझं शिक्षण सातवी. माहेर मुरबाडकडचं, वैशाखऱ्याचं. पहिल्या दिवशी मला वाटलं परीक्षा आमचीच आहे, म्हणून सकाळीच श्रावणीची अंकलिपी उघडून बसले. मेधाताई म्हणाल्या, "अहो, तुम्ही परीक्षा द्यायची नाही, परीक्षेची परीक्षा घ्यायची." तरी जीव काही हलका झाला नाही. कारण माझी भीती वेगळीच होती.

माझी भीती म्हणजे श्रावणी. पहिलीत आहे. घरी तिचं तोंड पिठाच्या गिरणीसारखं चालतं, आणि परकं माणूस समोर आलं की गिरणीची लाईट जाते. गुरुजींनी नाव विचारलं तरी पायाकडे बघते. तिचे पप्पा आसनगावला गोदामात कामाला आहेत, तिथे इंग्रजीत बोलणारे साहेब रोज बघतात. त्यांनी ठरवून टाकलं होतं, की एप्रिलपर्यंत पोरगी परक्या माणसापुढे इंग्रजीत एक वाक्य बोलली नाही, तर जूनपासून कल्याणला ताईकडे. ताई म्हणजे माझ्या मोठ्या वन्सं. चांगल्या आहेत. इंग्रजी शाळा त्यांच्या बिल्डिंगच्या समोरच आहे. त्यांनी श्रावणीसाठी छोटा पलंगसुद्धा बघून ठेवला होता.

सहा वर्षांची पोर हो. अजून झोपताना माझ्या बांगड्या मोजते.

म्हणून मी तिला दर शनिवारी सोबत न्यायची. ती माझ्या पाठीमागे पदर धरून बसायची. म्हटलं, कानावर पडलं तर पडलं.

*

आमच्या गटातली सगळ्यात मोठी सुगंधाकाकू. माझी चुलत सासू, अंगण एकच. नातवासाठी गटात येते. शहापूर-मुरबाडात तिने किती सोयरिकी जुळवल्या आणि किती मोडल्या, तिचं तिलाच माहीत नाही. दुसरी वैशाली. ती बारावी झालीय, आणि हे ती कोणाला विसरू देत नाही. तिसरी वरच्या पाड्यावरची यमुना. कमी बोलते, पण बोलली की दुसऱ्याला बोलायला जागा राहत नाही. बाकी आणखी चार-पाच जणी होत्या, पण त्या बिचाऱ्या गुणी.

मेधाताईंनी पहिलं पुस्तक दाखवलं. "कसं वाटलं?"

"छान."

दुसरं दाखवलं. छान. तिसरं. तेही छान. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. आता पाहुणी भर पावसात पेटी घेऊन आलेली, तिने आणलेल्या वस्तूला तिच्या तोंडावर नाव कसं ठेवायचं?

मेधाताई हुशार बाई. एका शनिवारी त्यांनी मुद्दाम एक पुस्तक उलटी पानं लावून आणलं. पहिल्याच पानावर बकरी घरी परत आलेली, सगळे तिच्या गळ्यात पडलेत. शेवटच्या पानावर बकरी हरवली. आम्ही सगळ्यांनी नीट बघितलं, माना हलवल्या आणि म्हटलं, छान.

मेधाताईंनी कपाळाला हात लावला. "अहो काकू, यात बकरी आधी सापडते आणि मग हरवते!"

काकू म्हणाली, "तेच बरा हाय ना. पोरांना घोर नाय लागत."

*

मग खरं बोलणं कुठे व्हायचं? चहानंतर.

काकूचं घर शाळेला लागूनच. गट संपला की तिथे चहा. मेधाताई चहा पिऊन निघाल्या की आम्ही कपबशा विसळायला बसायचो, आणि तेव्हा पुस्तकांची जी काही सालं निघायची! एकदा त्या छत्री विसरल्या म्हणून परत आल्या आणि दारातच थबकल्या. आत वैशाली सांगत होती, की त्या पुस्तकातली आई प्रत्येक पानावर नुसती हसते, हिला घरात काही काम नाही का. यमुना म्हणत होती, केस मोकळे सोडून चुलीपुढे बसलीय, जेवणात केस जाणार. आणि काकूचं म्हणणं, तो पोरगा सफरचंद एकटाच खातो, बहीण बाजूला उभी आहे, हे पोरांना शिकवायचं का?

आम्ही वर बघितलं तर मेधाताई. सगळ्यांच्या हातात साबण तसाच.

"हे मला ओट्यावर का नाही सांगितलंत?"

काकू अजिबात गडबडली नाही. "तुमचा चहा नव्हता झाला ना."

मग तिने त्यांना खाली बसवून नीट समजावलं. मुलगी बघायला गेलं की चहाच्या आधी नकार देत नाहीत. कप रिकामा होईपर्यंत सगळं छान. आणि नंतर नकार द्यायचा तरी खरं कारण सांगायचं नाही. मुलगी काळी आहे, सासू खट आहे, घरात संडास नाही, हे बोलून दाखवलं की दोन घरं कायमची तुटली. म्हणून म्हणायचं, मुलगी चांगली आहे, घर चांगलं आहे, पण पत्रिका जुळत नाही. पत्रिकेवर ढकललं की पुढच्या हळदीला दोन्ही घरं एकाच मांडवात नाचतात.

मेधाताईंनी हे सगळं एखाद्या कॉलेजात बसल्यासारखं ऐकून घेतलं. पुढच्या शनिवारपासून त्या आल्या की आधी चहा. काकू त्यांच्या कपात डोकावायची, तळ दिसला की मान हलवायची आणि मग गट सुरू. पुस्तक नको असलं की दोन्ही हात जोडून म्हणायची,

"पुस्तक चांगला हाय. चित्रं चांगली हायेत. पण पत्रिका नाय जुळत."

"मंगळ कुठे आहे काकू?"

"पान चारवर."

एकदा तर मेधाताई पुण्याला मोठ्या सरांशी फोनवर बोलताना आम्ही आमच्या कानांनी ऐकलं, "सर, तिसऱ्या पुस्तकाला कडक मंगळ आहे." पलीकडून सर दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणाले.

*

ऐकण्याची परीक्षा आली तेव्हाची गोष्ट. एक छोटा स्पीकर, त्यात एक गोड आवाजाची बाई इंग्रजीत सांगणार आणि मुलांनी तसं करायचं. उभे राहा, नाकाला हात लावा, असं. मुलांवर चालवायच्या आधी आयांवर चालवून बघू, असं मेधाताईंचं म्हणणं. पाऊस लागला होता म्हणून आम्ही वर्गात बसलो.

स्टँड अप झालं. सिट डाऊन झालं. टच युअर नोज झालं. काकूने स्वतःच्या ऐवजी नातवाचं नाक धरलं, ते चालवून घेतलं.

मग बाई म्हणाली, "ओपन युअर बॅग."

यमुना सकाळी ओढ्यावर गेली होती. तिथून तशीच आलेली, पुढे खर्डी स्टेशनला जाऊन खेकडे विकायचे होते. नांग्या बांधायच्या राहिल्या होत्या. तिने शांतपणे पिशवीची गाठ सोडली आणि पिशवी आडवी केली.

पुढचं काय सांगू! वैशाली बाकावर, मेधाताई टेबलावर, गुणी बाया व्हरांड्यात आणि काळेभोर खेकडे सगळ्या वर्गात. एक थेट गुरुजींच्या चपलेत शिरला. पोरं खुशीने नाचायला लागली. मी श्रावणीला कडेवर घेऊन भिंतीला चिकटले, तर ती माझ्या कानात म्हणते, "आई, त्याला सांग ना, सिट डाऊन." माझ्या कानात बोलली, मोठ्याने नाही.

मेधाताई वरूनच ओरडल्या, "यमुना, हे काय!"

"बाईनी सांगितला उघड, तं उघडली."

आणि त्या गोंधळात स्पीकरमधली बाई तितक्याच गोड आवाजात म्हणाली, "व्हेरी गुड. नाऊ क्लोज युअर बॅग."

*

दिवाळीनंतर शिष्टाचाराचं पुस्तक आलं. प्लीज, सॉरी, थँक्यू. एक आठवडा घरी वापरून सांगा म्हणाल्या.

काकूच्या नातवाने पहिल्याच दिवशी आजीने भाकरी वाढली तेव्हा थँक्यू म्हटलं. काकूने भाकरीची टोपली बाजूला ठेवली. "मी काय परकी हाव का रे? आजीला आभार?" संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. त्याला सॉरी पण येत होतं, पण ते म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.

पण खरी कमाल वैशालीच्या आयुषने केली. त्याला पुस्तकातलं एकच पान आवडलं. मुलाला दुसऱ्यांदा लाडू देतात आणि तो म्हणतो, "नो, थँक्यू." आयुषला त्यात फार मोठी सोय दिसली. दुधीची भाजी? नो, थँक्यू. आंघोळ? नो, थँक्यू. वैशाली हात उगारायची, पण पोरगा इतक्या गोड आवाजात बोलायचा की हात वरच राहायचा. आणि बारावी झालेल्या बाईने इंग्रजी बोलणाऱ्या पोराला मारायचं तरी कसं?

गुरुवारी गुरुजींनी त्याला फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं. आयुष जागेवर उभा राहिला, हसला आणि म्हणाला, "नो, थँक्यू." आणि खाली बसला.

गुरुजी नंतर मेधाताईंना म्हणाले, "माझी एवढी वर्षं नोकरी झाली, इतक्या अदबीने मला कोणी नाही म्हटलं नव्हतं."

मेधाताईंना वाटलं पुस्तक पास. वैशालीने पुस्तक स्वतः परत पेटीत टाकलं. चहा व्हायच्या आधीच!

*

आता माझ्या जिवाला लागलेली गोष्ट.

थंडीत चित्रांची परीक्षा आली. कार्डावर चित्र, मुलाने इंग्रजी नाव सांगायचं. मेधाताईंनी ती आठवडाभर आमच्याकडे बघायला दिली आणि बजावलं, की मुलांना शिकवू नका, नाहीतर परीक्षा कशी आहे ते कळणार नाही.

आता आईच्या हातात परीक्षा द्यायची आणि सांगायचं पोराला दाखवू नको, म्हणजे मांजरीच्या हातात दूध देऊन चव घेऊ नको म्हणण्यासारखं. आठवडाभर गावात पाढ्यांसारखा सूर ऐकू येत होता. अंब्रेला, फिश, काऊ, बस, मँगो. आमची श्रावणी तर आंघोळीच्या पाण्यात पाय आपटत ठेका धरून म्हणायची.

शनिवारी मेधाताईंनी कार्डं पिसली. पहिलं कार्ड उचललं, त्यावर गाय. आयुष म्हणाला, "अंब्रेला."

"नीट बघ हं बाळा."

आयुषने नीट बघितलं. "मॅडम, तुमचा चुकलाय. पहिली छत्री असते."

त्याच्या मागून काकूचा नातू आला, त्यालाही गायीची छत्रीच दिसली. यमुनाच्या पोरीलाही. मेधाताईंनी आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनी डोंगराकडे बघितलं. काकू म्हणाली, "या वर्षी हवाच तशी हाय."

श्रावणीचा नंबर शेवटी. तिने गाईला छत्री म्हटलं नाही की छत्रीला गाय. पायाकडे बघत उभी राहिली. मेधाताईंनी तिच्या गालाला हात लावला आणि मला म्हणाल्या, "चांगली आहे हो मुलगी."

मी श्रावणीला माझ्याकडे ओढलं. मुलगी चांगली आहे, याच्या पुढे काय येतं ते आता मला पाठ होतं.

घरी पप्पांनी विचारलं, परीक्षेचं काय झालं. मी म्हटलं, परीक्षाच रद्द झाली. ते खरंच होतं. पण त्यांनी कल्याणला फोन लावून पलंग घ्यायला सांगितलं, तेही खरंच होतं.

*

मार्चमधली एक छोटीशी सांगते. संस्थेने प्रत्येक घरी एक मोठा तक्ता दिला होता, 'माय हाऊस'. प्लास्टिकचं आवरण, पाण्याने भिजत नाही, फाटत नाही. मेधाताईंनी विचारलं, सगळ्यांत जास्त कुठली वस्तू वापरता? आम्ही एका आवाजात सांगितलं, तक्ता. रोज काढतो.

मेधाताई इतक्या खूश झाल्या की फोटो काढायला थेट घरोघरी निघाल्या. पहिलंच घर काकूचं. अंगणात तक्ता पसरलेला. चित्रातल्या छपरावर तांदळाचे पापड, स्वयंपाकघरात पापड, झोपायच्या खोलीत सांडगे. राखणीला नातू, हातात काठी. त्याला मात्र सगळं येत होतं. कोंबडी आली की ओरडायचा, "आजे, किचनमध्ये शिरली! आता बेडरूममध्ये!"

मेधाताईंनी फोटोसाठी काढलेला फोन परत पिशवीत ठेवला.

काकू म्हणाली, "रोज उघडतो, रोज पुसतो, दिवसभर नजर काढत नाय. आणखी काय वापर करायचा?"

*

आणि आता शेवटची.

एप्रिलमध्ये पुण्याहून मोठे सर आले. बोलून दाखवायची परीक्षा छापायला जायची होती, त्याआधी ते स्वतः मुलांबरोबर करून बघणार होते. उंच, चष्मा, गळ्यात ओळखपत्र. मराठी बोलायचं नाही असं ठरवूनच आलेले. वर्गात सर आणि एकेक मूल, कोपऱ्यात मेधाताई, आणि आम्ही सगळ्या खिडकीला. श्रावणीचे पप्पा त्या दिवशी सुट्टी टाकून आले होते. आमच्या मागे उभे. सरांपेक्षा परकं माणूस गावात यापुढे कोण येणार होतं?

सर म्हणाले चहा नंतर घेऊ. काकूने ऐकलं नाही. कप नेऊन त्यांच्या बाकावर ठेवला.

श्रावणी आत गेली. माझा पदर नव्हता म्हणून स्वतःच्या फ्रॉकचं टोक धरलं.

"व्हॉट इज युअर नेम?"

पाय.

सरांनी एक घोट घेतला. चित्र दाखवलं. मांजर कुठे आहे? पाय. पक्षी किती आहेत? पाय. सर चांगले होते, घाई करत नव्हते. एक प्रश्न, एक घोट. मी खिडकीचा गज धरला होता, तो घामाने सुटत होता. मागे पप्पा एकदाच म्हणाले, "जाऊ दे." ते मला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही.

शेवटचा घोट घेऊन सरांनी कप ठेवला. प्रश्नांचं पुस्तक मिटलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मायेने म्हणाले, "ओके, श्रावणी. यू आर अ गुड गर्ल."

श्रावणीने मान वर केली. पहिल्यांदा.

फ्रॉक सोडला. टाचा उंचावून बाकावर वाकली आणि सरांच्या कपात डोकावली. कप रिकामा होता. मग तिने सरांच्या हातातलं ते पुस्तक अलगद काढून घेतलं, निळ्या पेटीत ठेवलं, झाकण लावलं, आणि काकूसारखे दोन्ही हात जोडून, खिडकीपर्यंत ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली,

"सर गुड. टेस्ट गुड. पत्रिका नो."

सरांनी मेधाताईंकडे बघितलं. मेधाताईंनी फळ्याकडे बघितलं. वैशाली काहीतरी बोलणार होती, तिचा दंड यमुनाने दाबून धरला. आणि मागे वळून श्रावणीच्या पप्पांना यमुना म्हणाली, "एक वाक्य बोलला होतात ना? तीन झाली."

पप्पा वर्गात शिरले आणि पोरीला उचलून खांद्यावर घेतलं. घरी येईपर्यंत त्यांनी श्रावणीला खांद्यावरून खाली उतरवलं नाही, आणि ती वर बसून वाटेतल्या प्रत्येक घराला, कोंबडीला आणि हातपंपाला गुड म्हणत होती.

संध्याकाळी ते ओट्यावर बसले आणि कल्याणला फोन लावला. स्पीकरवरच बोलतात ते. मी चुलीपाशी, हातातली भाकरी तव्यावर टाकायची विसरले. पलीकडून वन्सं म्हणाल्या, "बोल रे. पलंग आला बग. पोरीला कधी आनतोस?"

अंगणात श्रावणी कपबशा मांडून खेळत होती, पप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले,

"ताई, तुझा चहा झाला का गो?"